तिसरी टोच

“पुन्हा?” योरुन टेबलापलीकडून ओरडली. “महिन्यात तीनदा माशांची लस घेतलीस, बाई! आता खवले फुटतील तुला. तुझा आयविंद घर सोडून पळेल.”

टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. टूरिदही हसली, म्हणजे तिने तोंड हसल्यासारखं केलं. तिच्या हातमोज्यावर रक्ताचा एवढासा ठिपका होता.

गुंगीच्या टाकीतून सॅल्मनची पिल्लं टेबलावर घसरत येत होती. वीतभर लांब, गार, निपचित. उचलायचं, पोटात टोचायचं, नळीत सोडायचं. नळीपलीकडच्या पाण्यात ती शुद्धीवर येत. समुद्रातल्या पिंजऱ्यांत जाण्याआधी प्रत्येकाला ही एक टोच. टूरिद अकरा वर्षं टोचत होती. या महिन्याआधी सुई तिला एकदाही लागली नव्हती.

टोळीची मुकादम ओड्नी टेबलाला वळसा घालून आली. टूरिदच्या दंडाला धरून तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली. बाकावर बसवलं.

“हात दाखव.”

टूरिदने डावा हात पुढे केला.

“तो नाही.”

टोच उजव्या अंगठ्याच्या बुडाशी होती. भोवतीची कातडी फुगू लागली होती. ओड्नीने तो हात उलटसुलट करून पाहिला. टूरिदचा मासा डाव्या हातात असतो, लस टोचायचं पिस्तूल उजव्यात. घाईत सुई घुसते ती डाव्या हातात. उजव्यात घुसायला पिस्तूल मुद्दाम डाव्या हातात घ्यावं लागतं.

“तेलातली लस आहे ही, बोट कामातून जातं,” ओड्नी म्हणाली. “पुढच्या वेळी घसा आवळला तर दवाखान्यापर्यंतही पोचणार नाहीस. नव्या पोरींना तूच सांगतेस ना हे?”

“हो.”

“मग?”

“दुखतं,” टूरिद म्हणाली.

भिंतीपलीकडे योरुन कुणाला तरी हसवत होती.

“घरी काहीच होत नाही, ओड्नी. आस्ता रडते, मी उठते. पाजते. लंगोट बदलते. ती हसायला लागलीय आता. आयविंद फोटो काढतो, मला दाखवतो. मी म्हणते, छान. मला काही होतच नाही. भिंत बघावी तशी बघते मी तिला.” तिने सुजरा अंगठा दाबून पाहिला. “हे निदान दुखतं.”

“आणि मेलीस तर? त्या पोरीचं काय?”

“तिला आयविंद आहे. तिला कळणारही नाही.”

ओड्नीने दार उघडलं. “योरुन! टाकीत नवे मासे घेऊ नका. आहेत तेवढे संपवा आणि थांबा. मी हिला डॉक्टरकडे नेतेय.”

“एवढ्याशा टोचीसाठी सगळं काम बंद?”

“थांबा म्हटलं ना!”

दार लागलं.

“मला टेबलावरून काढणार तू,” टूरिद म्हणाली. तिचा आवाज तसाच सपाट होता. “मग मी दिवसभर कुठे जाऊ?”

ओड्नी तिच्या शेजारी बाकावर टेकली. तिने स्वतःचा उजवा हातमोजा काढला. अंगठा लाकडासारखा ताठ होता. तिने मूठ मिटली, तो मिटला नाही.

“हात घसरला, असं सांगितलं होतं मी सगळ्यांना,” ती म्हणाली. “माझा टोरे तेव्हा चार महिन्यांचा होता.”