कॅरिअर

माझे गुडघे गेले तशी केळीची बाग सुनेच्या अंगावर पडली. बांधावरून मोटारसायकल जात नाही, म्हणून दिपमालानं गिअरवाली सायकल मागितली. जळगावच्या दुकानात तिनं ब्रेक दाबून, जाड टायर चाचपून, आपल्या बेतात बसेल अशी एक निवडली. मग दुकानदाराला म्हणते, "भाऊ, मागं मजबूत कॅरिअर बसवून द्या."

"या माउंटन सायकलीला ते येत नाही ताई, वेगळं घ्यावं लागेल."

"काही नको," मी मधेच बोलले. "मांगे कोनाले बसवून मिरवनार हाये तू?"

दुकानातली माणसं हसली. दिपमालानं मान खाली घालून सायकल दुकानाबाहेर काढली. सून धाकात आहे, हे चारचौघांना दिसलं म्हणून मला बरंच वाटलं.

सावद्याला घरी येऊन ओट्यावर टेकले, तर शेजारी एक नवी गादी. माझ्याच जुन्या लुगड्याची, आत घरचा कापूस, एका माणसापुरती. चारी कोपऱ्यांना बांधायला नाड्या.

लेकानं सायकलभोवती एक चक्कर मारली.

"माय, कॅरिअर कुठे हाये? तू बसशीन कशावर?"