पूर्वेकडचा पट्टा

"ड्रिल इथंच लावायचं." छायानं नकाशावर बोट ठेवलं. "पूर्वेला. माल इथंच आहे."

कणकवलीजवळची ही क्रोमाइटची खाण बंद पडून किती तरी वर्षं झाली होती. उरलंसुरलं खनिज शोधायला नाशिकच्या कंपनीनं दोघांना धाडलं होतं, छाया आणि तिच्या हाताखालचा राकेश. जमिनीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र पाठीला लावून पश्चिमेचं रान त्यानं पालथं घातलं, पूर्वेचं तिनं. तिच्या बाजूचे सगळेच आकडे चढे निघाले, म्हणजे खनिज तिथंच. कंपनीनं परवानगी एकाच भोकाची दिली होती. ते वाया गेलं तर काम गुंडाळायचं आणि छायाचं नावही मातीत. पण घाबरेल ती छाया कसली!

"मॅडम, माझं रान संपतं तिथूनच तुमचे आकडे चढतात," राकेश चाचरत म्हणाला. "अंगावर काही लोखंड?"

"बूट कापडी, घड्याळ नाही, मोबाइल जीपमध्ये. केसांत पिनसुद्धा नाही."

"आणि गळ्यातलं?"

"सोनं आहे ते, शहाण्या! चुंबक सोन्याला विचारतसुद्धा नाही, हे आता मी शिकवायचं?"

त्या मंगळसूत्रावर तिच्या नवऱ्याचं, जीवनचं, भारी लक्ष. ती निघायच्या आधी त्यानं स्वतः जाऊन ते पॉलिश करून आणलं होतं. मनमाडला रेल्वेतली ड्यूटी संपली की रोज त्याचा फोन, "गळ्यातलं काढत नाहीस ना? कुणाच्या हातात देऊ नकोस हं." बायको रानोमाळ भटकतेय आणि याचा जीव त्या दोन वाट्यांत अडकलेला. छायाला त्याचं हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटायचं.

राकेश यंत्र घेऊन निघाला आणि पूर्वेला ती चालली होती त्याच एका ओळीवरून चालून आला. आकडे पार खाली, पश्चिमेसारखेच.

"तूच वाकडातिकडा चालला असशील," छाया म्हणाली. "ठेव ते यंत्र खाली. तुझी शंका एकदाची फिटू दे, म्हणजे उद्या ड्रिलवाल्यांपुढे तोंड उघडणार नाहीस."

तिनं मंगळसूत्र काढलं आणि हसतच यंत्राजवळ धरलं.

"बघ आता. आकडा ढिम्म हलायचा नाही."

आकडा उसळला.