जास्तीचे पापुद्रे

"शुक्रवारपर्यंत हे कपाट रिकामं झालं पाहिजे," असं म्हणून साहेबांनी कपाटाच्या दारावर दोनदा टिचकी मारली. तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत दुसरं कपाटच नव्हतं, तरी मारली.

कपाटात काचपट्ट्यांचे डबे होते, कोणीही न मागितलेले. त्यांच्यामुळेच तिथं काम करणाऱ्या बाईंचं नाव 'साठवणताई' पडलं होतं. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसून बाईंकडे येई. त्याचे केसाहून पातळ पापुद्रे कापून काचेवर घ्यायचे, हे त्यांचं काम. डॉक्टरांनी चार मागितले की बाई चार देत. पण तुकडा अगदीच बारका असला, तर आणखी आठ-दहा कापून गुपचूप डब्यात ठेवत.

"लागलेच तर ठोकळा असतोच ना आपल्याकडे," साहेब म्हणाले. "मग या काचा कशाला? नुसती अडगळ."

बाईंनी एका डब्याचं झाकण नीट बसवलं. बोलण्याच्या बाबतीतही त्या साठवणच करत.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अंगावर सैल झालेला शर्ट आणि कानामागे पेन्सिल असा एक माणूस दारात येऊन उभा राहिला.

"पापुद्रे कापणारं कोण इथं?"

बाईंनी घाईने नोंदवही पुढे ओढली. बाहेरचं माणूस हा जिना उतरायचं ते भांडायलाच. नावं बदलली की काय? काच चुकली?

"तक्रारीचे अर्ज वरच्या मजल्यावर घेतात," साहेब म्हणाले.

"तक्रार कसली हो! मी सुतार. माझ्या फुप्फुसाचा तुकडा आला होता तुमच्याकडे." त्याने खिशातून चिठ्ठी काढून नंबर वाचला.

माणूस बाईंनी कधी पाहिला नव्हता, पण नंबर ओळखला. तिळाएवढा तुकडा होता.

"अठ्ठावीस पायऱ्या उतरून आलो," सुतार म्हणाला, "आणि बघा, बोलतोय. सहा महिन्यांपूर्वी चार पायऱ्यांत जीव मेटाकुटीला यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष एका जनुकात असू शकतो. जनुक आपला घरचाच. पेशींना वाढायला सांगायचं, एवढंच त्याचं काम, आणि जन्मापासून तो ते सरळ करत आलेला. मग कधीतरी त्याच्यात बिघाड होतो आणि त्याला थांबणं कळत नाही. आमच्या सासूबाई आग्रहाला बसल्या की समोरच्याचं पोट भरलंय हे त्यांना ऐकूच येत नाही, तसं. पण तोच बिघाड निघाला, तर त्याला गप्प करणारी गोळी आहे म्हणाल्या. आता बघा, माझी बायको देवापुढे हात जोडून काय मागत होती, तर बिघाड सापडू दे!"

साहेबांना हसू आलं.

"पण तपासायला तुकडा कुठे उरला होता? कॅन्सर आहे हे ओळखण्यातच संपत आला होता. पहिल्यांदा सुईने तुकडा काढताना फुप्फुस पिचकलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा सुई घालायला कोणी तयार होईना. आणि मग इथून दहा काचा वर गेल्या, त्यांत बिघाड सापडला, गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब तुमचं. मी म्हटलं, नशीब काही काचा भरून ठेवत नाही."

तो कापायच्या यंत्रापाशी गेला. हात मागे बांधून, पात्याच्या उंचीवर डोळा आणून त्याने बराच वेळ पाहिलं.

"हा तर रंधाच की! शिकंज्यातून काढलेला तुकडा पुन्हा बसवला, की पातं सरळ लागेपर्यंत वरचा थर भुशात जातो. फळीचं काही बिघडत नाही. माझा तीळ मात्र सगळाच भुशात गेला असता. म्हणून तुम्ही पहिल्याच बैठकीत जास्तीचे काढून घेतलेत. खरं ना?"

"खरं," बाई म्हणाल्या. वीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि आज सांगावंही लागलं नाही.

"तेवढंच बघायला आलो होतो. फार उपकार झाले, ताई." त्याने हात जोडले. बाईंच्या हातात रबरी मोजे होते. त्यांनी ते आधी काढले आणि मग हात जोडले.

साहेब खाकरले. "जागेची अडचण आहे हो इथं. म्हणून हे डबे काढायचं चाललं होतं."

"जागा तर आहे." सुताराने खिशातून टेप काढून एक टोक बाईंच्या हातात दिलं. "हे धरा जरा भिंतीला. इथं अरुंद खणांचं कपाट बसेल. काचा उभ्या राहतील, एकमेकींना घासणार नाहीत. मजुरीचं नाव काढू नका. लाकूडही माझ्याकडे आहे, फक्त ओलं आहे. वाळायला वर्ष जाईल."

साहेबांनी आवाज खाली आणला. "त्या गोळीचं पुढचं सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय. वर्षभर चालेल, फार तर दोन. पुढे जनुक दुसरी वाट काढतो म्हणाल्या." त्याने पेन्सिलीने चिठ्ठीच्या पाठीवर माप टिपलं. "तुम्हाला घाई असली तर बाजारातून वाळलेलं आणतो."

साहेबांनी जुन्या कपाटाचं दार लोटून बंद केलं. "तोवर डबे आहेत तिथंच राहतील."

टेपचं टोक भिंतीवर घट्ट दाबून धरत बाई म्हणाल्या, "घाई नाही. पुरतं वाळू द्या."