तीन बोटं जागा

"जळल्याचा वास येतोय," सून म्हणाली, तसा मुलगा हातातली लाकडं तिथंच टाकून शेगडीकडे धावला.

आबांची खाट खोलीत मावावी म्हणून कालच त्यानं लोखंडी शेगडी लाकडी भिंतीजवळ सरकवली होती. भिंत तापू नये म्हणून मधे पत्रा ठोकला होता, भिंतीपासून तीन बोटं जागा सोडून. आता त्यानं शेगडीतली लाकडं चिमट्यानं काढून पाण्याच्या बादलीत टाकली आणि पत्र्यामागं हात घातला. काहीतरी मऊ लागलं. दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा आबांची रजई बाहेर आली. एक कड तपकिरी पडलेली.

"ही कुणी कोंबली?"

"मी," खाटेवरचे आबा अंग चोरून म्हणाले. "मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. तू दमला असशील."

"अहो आबा, ती जागा हवा खेळायला आहे! खालून गार हवा शिरते, तापलेली वरून निघून जाते. तुम्ही तर बूचच मारलंत."

"रिकामं होतं रे ते. आणि भिंतीपलीकडे नातीचा पाळणा."

सुनेनं रजई झटकली. "मग रात्री पांघरलंत काय?"

"कोट होता की."

आबांना काही उमजेना. दाराखिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवण्यात जन्म गेला. रजई भरली तर भिंत तापली, आणि काहीच नसलं तर वाचते? ती कशी? पण पुन्हा विचारायचा धीर होईना.

"माझी खाट मागच्या खोलीत टाक," ते म्हणाले. "शेगडी ने लांब."

"तिकडे काकडून जाल," सून म्हणाली. "काही नको. खाट इथंच राहील."

"फक्त मधे काही भरू नका," मुलगा म्हणाला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

शेगडी पुन्हा पेटली, चांगली रसरसली. "जा, पलीकडून हात लावून बघा," मुलगा म्हणाला.

आबा चवड्यांवर चालत गेले. नात तोंड उघडं टाकून झोपली होती. पाळण्याच्या वर, भिंतीला त्यांनी तळहात टेकला. गार होती. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग उजव्या हाताचा भरवसा वाटेना म्हणून डावा सदऱ्याला पुसला आणि तो टेकवला.