आडव्या रेघा

आग्नेय आशियातल्या एका शहरात आठवडाभर भटकायचं ठरलं, तशी शिंप्याच्या लेकीनं दुकानातल्या टेबलावरच बेत मांडला. "सोमवारी देवळं, मंगळवारी नदीवरचा बाजार," तिनं यंदाचं नवंकोरं माहितीपत्रक पसरलं. आई चक्क हसली. दोन वर्षांपूर्वी थोरल्या लेकाची बोट समुद्रात बुडाल्यापासून या घरानं हसणं टाकलंच होतं. तो सापडला नव्हता. "गेलेला परत येत नाही," असं शिंप्यानंच बायकोला निक्षून सांगितलं होतं. कापता कापता त्यानं पत्रकातल्या, यंदाच काढलेल्या फोटोत डोकावलं आणि कात्री कापडातच थांबली. बाजाराच्या गर्दीत कुणी पाठमोरा उभा होता. शर्टाच्या रेघा उभ्या, डाव्या खांद्यावर मात्र आडव्या. कापड कमी पडलं म्हणून तो तुकडा शिंप्यानंच आडवा जोडला होता. "लोक हसतील," म्हणत थोरला तोच शर्ट घालून बोटीवर गेला. "बाबा, तिकिटं किती काढू?" "जाताना तीन," तो म्हणाला, "येताना चार."