रिकामी जमीन

“काय सांगायचं?” दोन्या हसिंताने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

“जमीन रिकामी होती, मालकीणबाई.”

“आणि?”

“चिटपाखरू नव्हतं. म्हणजे बगळे होते. ते सांगू?”

“सिल्वेरिओ, बगळ्यांचं कुणी विचारलं तर सांग.”

सान फ्रान्सिस्कोच्या त्या कचेरीत तिला बाकावर बसवेना. उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची. कॅलिफोर्नियावर अमेरिकेचा अंमल येऊन पाच वर्षं झाली होती आणि नवे साहेब जुन्या स्पॅनिश घराण्यांकडे जमिनीचा पुरावा मागत होते. तिच्या कुरणात परक्यांनी कुंपणंही घातली होती. घरी बिनलग्नाच्या दोन मुली. नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला. उरला होता एकच साक्षीदार, हा म्हातारा गुराखी. तीस वर्षांपूर्वी हद्द आखली तेव्हा मोजणीच्या दोरीचं एक टोक त्याच्या हातात होतं. तेव्हाचं सरकार रिकामीच जमीन देई; नवऱ्याने जमीन मागायच्या अर्जात लिहिलं होतं, जागा ओसाड आहे, कुणाची वस्ती नाही. तेवढं सिल्वेरिओने शपथेवर सांगितलं की दावा पक्का, असं वकील म्हणाला होता.

पुकारा झाला. सिल्वेरिओने टोपी काढली आणि पढवलेलं सगळं नीट सांगितलं. दुभाषा बोलत गेला, कारकून लिहीत गेला. दोन्या हसिंताच्या जिवात जीव आला.

कागद मिटता मिटता साहेबाने विचारलं, “तुझा जन्म कुठला?”

“तिथलाच, साहेब. झऱ्याकाठचा.”

“मग जमीन रिकामी कशी?”

सिल्वेरिओने मालकिणीकडे पाहिलं. हे त्याला कुणी पढवलं नव्हतं. तो म्हणाला, “आम्हाला कुणी मोजलं नव्हतं.”

वकील घाईघाईने पुढे झाला. “वय झालंय त्याचं, साहेब. काही आठवत नाही. बाईंनाच विचारा.”

सगळे तिच्याकडे वळले. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. वकील डोळ्यांनी खुणावत होता.

“त्याला सगळं आठवतंय,” ती म्हणाली. “खोटं मी शिकवलं. आम्ही आलो तेव्हा तिथे याच्या लोकांच्या चाळीस झोपड्या होत्या. मी नवी नवरी, वाटेत तापाने फणफणले होते. याच्या आईने मला आपल्या झोपडीत निजवलं, आठ दिवस उशाशी बसली. लिहून घ्या. आमचं घर आम्ही नंतर त्याच जागेवर बांधलं.”