फायनलचा गणवेश

“हा लाल घागरा फायनलला चालणार नाही,” सदाशिवराव संगीताला म्हणाले.

घागरा तिच्या अंगावर नव्हता. ती आपली जीन्समध्ये होती. घागरा होता मोबाइलमधल्या तिच्या खेळाडूच्या अंगावर. त्यावरच्या टिकल्या गोळी झाडताना अशा चमकायच्या की समोरच्याचे डोळे दिपावेत. निदान साकेतची तक्रार तशी होती. फायनल त्याच्याशीच होती. त्याचा स्वतःचा खेळाडू पानापानांचा पोशाख घालायचा. झुडपात बसला की झुडूपच.

आर्णीच्या मंगल कार्यालयात स्पर्धा भरली होती. खुर्च्या लग्नाच्या, पंखे लग्नाचे आणि अध्यक्षही लग्नात मिरवावेत तसे जाकीट घातलेले. हे अध्यक्ष सदाशिवराव मोबाइलवर पत्त्यांच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण सगळी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे नियम मात्र ते कशालाही लावू शकत.

“सर, लाल कपड्यानं तर मीच पह्यले दिसतो समोरच्याले,” संगीता म्हणाली. “नुकसान माहंच हाये. राहू द्या ना!”

“आणि याचा पाला?” मागून कोणीतरी ओरडलं.

“पालाही उतरेल. कसब अंगठ्यात असतं, कपड्यांत नाही. शाळेत गणवेश काय उगाच असतो? दोघंही राखाडी!”

राखाडी म्हणजे नव्या खेळाडूला फुकट मिळणारे ते कळकट कपडे. साकेतचा चेहरा उतरला. तक्रार करताना आपलाही पाला जाईल, हे बिचाऱ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

घागरा हवा असण्याचं संगीताचं खरं कारण वेगळंच होतं आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. ते कारण पहिल्या रांगेत पदर सावरून बसलं होतं. मानीबाई, तिची याडी म्हणजे आई, महागावकडच्या तांड्यावरून पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आली होती. फायनलचे दोघंही नागपूरच्या फेरीला जाणार होते, पण संगीताचं जाणं आईच्या होकारावर अडलं होतं. “पाहू तर दे त्या डब्ब्यात तू काय करून राह्यली, मंग सांगतो,” असं म्हणून मानीबाई एसटीत चढली होती. लेकीनं तिला वाटेत एवढंच पढवलं होतं, की लाल घागऱ्यातली ती मी. दुसरं काही पाहू नको.

आणि आता मोठ्या पडद्यावर दोन राखाडी माणसं उभी होती. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींसारखी, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. डोक्यावर नावं होती, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढी.

पाचांपैकी तीन डाव जिंकेल त्याची फायनल. पहिला डाव संगीतानं मारला. मानीबाई गप्प. दुसरा साकेतनं घेतला, तशी मानीबाई खुर्चीवरून उठलीच. “शाब्बास! अस्संच! सोडू नोको!” तिच्या बांगड्यांचा आवाज माइकपर्यंत पोचला. सगळा हॉल वळून बघायला लागला. साकेतनंही मान वर केली. आपल्यासाठी कोण ओरडतंय हे त्याला कळेना, पण अंगठे मात्र जोरात चालू लागले.

संगीताला कळायचं ते कळलं. आईनं भलताच राखाडी धरला होता. तिसरा डाव संगीतानं जिंकला तेव्हा मानीबाई चुकचुकली. चौथा साकेतनं जिंकला तेव्हा तिनं शिट्टी तेवढी वाजवायची बाकी ठेवली.

शेवटच्या डावात संगीता पडक्या भिंतीमागे दबा धरून होती. साकेत उघड्यावर, पाठमोरा. एक बोट दाबलं की खेळ खलास. पण तिची नजर आईकडे गेली. मानीबाई हात जोडून बसली होती. संगीताला रडूच यायला लागलं. आपण जिंकलो तर आईच्या लेखी आपण हरलो, आणि हरलेल्या पोरीला नागपूरला कोण पाठवतं?

ती भिंतीमागून उठली आणि उघड्यावर जाऊन उभी राहिली. साकेत वळला. गोळी सुटली. हॉल दणाणला आणि त्यात मानीबाईचा आवाज सगळ्यांत वर होता.

विजेत्याचं नाव माइकवरून घेतात, हे संगीताला तेव्हा कुठे आठवलं.

सदाशिवरावांनी ते चांगलं खणखणीत घेतलं. मानीबाई जराही दचकली नाही. ती सरळ स्टेजवर चढली, साकेतच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तो पोरगा इतका गोंधळला की बक्षिसाची ढाल हातात धरूनच तिच्या पाया पडला.

बसस्टँडवर दोघी बाकावर टेकल्या. मग मानीबाईनंच विचारलं, “नागपूरले कवा जायचं हाये?”

“म्हंजे… जाऊ मी?”

“जाय ना. पण तिथं असं करू नोको.”

“कसं?”

“तो पाठमोरा असताना तू भिताडामांगून उठून काहून उभी राह्यली?”

संगीता तिच्याकडे बघतच राहिली. “याडी, तुले ठाऊक होतं, मी कोणती ते?”

“घे! कपडे बदलले म्हून माही पोरगी मले ओळखू येणार नाही का? कुठंबी शिरायच्या आंधी तू दोनदा मांगं पाह्यतं, घरीबी तसंच!”

“मंग सारा वेळ त्याच्यासाठी काहून ओरडत होती?”

“त्याचं कोणीच नव्हतं आलं ना वं,” मानीबाई म्हणाली. “तुह्यासाठी तं मी होतीच.”